मिश्रीच्या डबीवरचा माणूस

चिंचवड,
१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. सोजराआत्यास,
तू तोंड फिरवून बसली असलीस तरी पाठीला शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या यजमानांना, म्हणजे आपल्या नानांना, विचारलं, तर म्हणाले की तिनं अबोला धरलाय, पण पत्र आलं तर फोडल्याशिवाय तिला झोप यायची नाही. म्हणून लिहिते आहे. नाना चतुर्थीला मोरयाच्या दर्शनाला येतातच, तेव्हा टपाल त्यांच्याच स्कूटरवरून येईल-जाईल.

माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. तुझ्या मिश्रीच्या डबीवर मीच ते लेबल चिकटवलं. चाकणला आमच्या छपाईच्या कंपनीत तंबाखूच्या पुड्यांची आणि डब्यांची वेष्टनं छापतात, हे तुला माहीत आहे. त्यावर इशाऱ्याचं चित्र कायद्याप्रमाणे मोठं आणि स्पष्ट आलंय का, हे बघायचं माझं काम. चित्रातली जखम जखमेसारखीच लाल दिसली पाहिजे. फिकी पडली की माल रद्द. तुझ्या डबीवरचं लेबल रद्द मालातलंच होतं, जखम जरा गुलाबी आली होती. गुलाबीला तुझ्या शेजारच्या गोजाबाई एवढ्या किंचाळल्या, तर लालला काय केलं असतं?

लहानपणी सुट्टीत कुरुळीला आले की तूच माझ्या दातांना मिश्रीचं बोट लावायचीस. पहिल्यांदा मी भोवळ येऊन ओसरीवर आडवी झाले, तर तू म्हणालीस की दात स्वच्छ होतायत. तेव्हा डबीवर चित्र असतं तर मी वेळीच पळाले असते.

एक खरं सांग. हळदीकुंकवाच्या दिवशी तू तिळाची वडी एकाच गालानं चावत होतीस आणि अर्धी तशीच ठेवलीस. तू, आणि वडी अर्धी ठेवतेस? काय झालंय?

लोभ आटला असेल तर राग तरी चालू ठेवावा, अगदीच कोरडं ठेवू नये ही विनंती.

तुझी,
स्वरूपा


कुरुळी,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. स्वरूपास,
आशीर्वाद. रागातसुद्धा द्यावा लागतो, रीत आहे, म्हणून दिला.

अबोला बोलण्याचा आहे, लिहिण्याचा नाही. लिहायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. तुझा बाप माझा धाकटा भाऊ, त्याला तर मुळीच नाही.

तू काय केलंस ते तुला कळलंय का? हळदीकुंकवाच्या ताटामागून दरवर्षीप्रमाणे माझी डबी फिरली. गोजाबाईंना चष्म्याशिवाय दिसत नाही. डबीवर कुणाचा तरी फोटो आहे म्हटल्यावर त्यांनी कुठला तरी देव समजून त्याला आधी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले आणि मग चष्मा लावला. पुढचं तू ऐकलंसच. आता त्या सगळ्यांना सांगत फिरतायत की सोजराबाईंच्या घरी सडलेल्या तोंडाची पूजा होते.

माझी मिश्री घरची आहे. तंबाखूचं पान मी निवडून आणते, माझ्या तव्यावर जाळते, माझ्या हातानं कुटते. ज्याच्यावर चित्र असतं ते वाईट, असं सरकारच म्हणतं ना? माझ्या डबीवर सरकारनं काही लावलं नव्हतं, म्हणजे ती चांगली होती. तू लावलंस म्हणून ती वाईट झाली.

आणि ते लेबल निघत नाही. गरम पाणी झालं, गोडेतेल झालं, ह्यांच्या दाढीचं पातं झालं. तुमच्या कंपनीचा डिंक मात्र चोख आहे. आता मी त्या माणसाचं तोंड भिंतीकडे करून ठेवते. कोण गं तो? आमच्या रंगरावभावजींसारखा दिसतो. त्याला बायको आहे का? आपला नवरा असा पुड्यापुड्यांवर गावभर फिरतोय म्हटल्यावर तिच्या पोटात काय होत असेल?

त्याच्याखाली एक फोन नंबर आहे. बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा तक्रारीचा असणार म्हणून मी फोन लावला. निशिगंधा नावाच्या मुलीनं उचलला. मी तिला ठणकावून सांगितलं की माझ्या भाचीनं तुमचं लेबल मला न विचारता चिकटवलंय, ते काढायला माणूस पाठवा. पोरगी हसली नाही. मिश्री कधीपासून लावता, असं तिनं विचारलं. लग्नाआधीपासून, म्हटलं. तोंडात कुठे धरता? म्हटलं, तुला काय करायचंय, आणि मग सांगितलं. काही दुखतं का, असं विचारल्यावर मी फोन ठेवला. नसत्या चौकशा. पुन्हा फोन करीन म्हणाली आहे.

माझ्या गालाला काही झालेलं नाही. दात घासतो, बाकी काही नाही.

लोभ तुझ्या वागण्यावर अवलंबून राहील.

तुझी आत्या,
सोजरा


कुरुळी,
१५ फेब्रुवारी, रात्री

चि. स्वरूपास, नानाचे आशीर्वाद.

हा कागद हिच्या पत्रात मी गुपचूप घातला आहे. वाचून फाडून टाक. सापडला तर मला चिंचवडलाच राहायला यावं लागेल.

दात घासत नाही, खोटं आहे. मी बळंच टॉर्च मारून पाहिलं. गालात आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे, बऱ्यापैकी मोठा. ही हल्ली दुधात भाकरी कुस्करून खाते. आमच्या घरात ठेचा कुटल्याचा आवाज येत नाही, पोरी. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

डॉक्टरकडं चल म्हटलं, तर म्हणते, आधी तुमची ती तंबाखूची चंची इंद्रायणीत सोडा आन् मग मला शानपन शिकवा. मी टपरीवरच पुडी चंचीत रिकामी करतो आणि पुडी तिथंच टाकतो, म्हणजे ते चित्र घरी येत नाही. तंबाखू जन्मभर मी मळली आणि चट्टा हिच्या तोंडात निघाला. मला फार भीती वाटते, आणि ते हिला सांगता येत नाही.

त्या फोनवाल्या मुलीला ही माझ्यासमोर टवळी म्हणते. पण तिचा फोन आला की परसात जाते आणि लवकर परत येत नाही. तू काहीतरी कर.

नाना


चिंचवड,
२ मार्च २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न., आणि यावेळी खरोखरचा.

मला कुणी काहीही सांगितलेलं नाही. नानांकडे डोळे वटारून बघू नकोस.

आत्या, चित्राखालचा तो तंबाखू सोडायला मदत करणाऱ्यांचा नंबर मी रोज तपासते. आकडा तुटलाय का, शाई पसरलीय का, सगळं बघते. पण तो कुणी लावत असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तू तक्रार करायला फोन केलास हे मी आमच्या खात्यात सांगितलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. मग आमचा ऑपरेटर जयदीप खिशातली पुडी काढून बघत बसला. स्वतः छापतो, स्वतः खातो, आणि म्हणाला की नंबर आज पहिल्यांदा वाचला.

तो माणूस कोण ते मला माहीत नाही. आमच्याकडे नुसतं चित्र येतं, नाव येत नाही. मी दिवसभर दिव्याखाली त्याचं तोंड बघते आणि जेवणाच्या सुट्टीत निवांत डबा खाते, एवढी सवय झाली आहे. पण गेल्या आठवड्यापासून डबा जात नाही. चित्र हातात घेतलं की तुझा गाल दिसतो. मी घाबरले आहे. आई गेल्यावर माझी वेणी घालायला तू होतीस. आता आईच्या जागी दुसरं कुणी उरलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे.

पिंपरीच्या दवाखान्यात तोंड तपासणारे डॉक्टर आहेत. नुसता दात निघाला, तर मी सगळ्या बायकांसमोर नखानं ते लेबल खरवडीन आणि गोजाबाईंच्या पाया पडेन. त्या लाथ मारतील, तीही खाईन. माझ्याबरोबर यायचं नसेल तर नानांबरोबर जा. अबोला मोडू नकोस, पण जा.

लोभाचं नंतर बघू. आधी दवाखाना.

तुझी,
स्वरूपा


कुरुळी,
१५ एप्रिल २०२५

चि. स्वरूपास,
अनेक आशीर्वाद, मागचे थकलेले धरून.

जाऊन आले. तुझ्या पत्रामुळे गेले असं समजू नकोस. निशिगंधा म्हणाली की तुम्ही भाचीची तक्रार छान करता, तशी एकदा डॉक्टरकडे गालाची करून बघा. पोरीला बोलायचं वळण आहे, तुझ्यासारखी डिंक घेऊन फिरत नाही.

डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला, टाका घातला आणि काही दिवस बोलू नका म्हणाले. ह्यांना आधी आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हेच माझ्यासमोर बसून रडले. मला गप्प बसा म्हणतासुद्धा येईना.

तुझ्याशी अबोला धरला, तेव्हा दाराला कडी मी आतून लावली होती. हवी तेव्हा काढली असती. हे गप्प बसणं तसं नव्हतं. रिपोर्ट यायचा होता, मनात नको नको ते येत होतं, आणि सारखा भिंतीकडे तोंड केलेला तो माणूस दिसायचा. शेवटी मी त्याला सरळ फिरवून ठेवला. बिचाऱ्यानं काय केलंय कुणाचं?

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण मिश्री चालू ठेवली तर होऊ शकतो, तसला चट्टा आहे. सोडायची आणि पुन्हा पुन्हा दाखवायला जायचं. मी सोडली. सोडली म्हणजे रोज सोडते आहे. सकाळी डोकं असं भणभणतं की ह्यांना भांडी फेकून मारावीशी वाटतात. मग निशिगंधाला फोन करते, ती लवंग चघळा म्हणते.

डबीत आता लवंगा आहेत. लेबल तसंच आहे. ह्यांची चंची मी त्याच डबीत कोंबली आहे, म्हणजे प्रत्येक चिमटीआधी ह्यांना त्या माणसाला तोंड दाखवावं लागतं. ह्यांच्या डबीकडच्या फेऱ्या कमी झाल्या आहेत. आणि परवा गोजाबाई पदराखाली स्वतःची डबी घेऊन आल्या. तुझ्याकडे आणखी एक लेबल मिळेल का, असं विचारत होत्या. गुलाबी नको, लाल हवं म्हणाल्या.

रविवारी ये. अबोला सुटला. आधी शिव्या खा, मग जेव. ठेचा करणार आहे, तुझ्यासाठी. मला अजून तिखट सोसत नाही, मी नुसता वास घेईन.

एक सांगायचं राहिलं. टाका ओला होता, तेव्हा एका दुपारी तुला माझ्या फोनवरून फोन आला होता आणि पलीकडून कुणी बोललं नव्हतं. ह्यांचा हात लागला असेल, असं मी ह्यांच्याकडूनच तुला कळवलं होतं. हात माझाच लागला होता. तू किती वेळ आत्या, आत्या म्हणत राहिलीस. मी फोन कानाला धरून सगळं ऐकत होते.

लोभ आहे. पूर्वीही होता. रविवारी तोंडानं सांगेन.

तुझी,
आत्या