अकरा वेळा निकाली निघालेलं झाकण

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (आणि तू अजून रागावलेली असशील म्हणून ते जरा जास्त वेळ ठेवून) नमस्कार. गुडघा कसा आहे? ताईकडचे चार जिने चढून दुखत असणारच, पण तू दुखत नाही म्हणणार, तेव्हा ताईलाच विचारतो. इकडे सगळे मजेत. तुझ्या कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घालतो. मोगरा सोडून सगळं जिवंत आहे. मोगऱ्याविषयी भेटीत बोलू.

तुझ्या फाटकासमोरच्या गटाराच्या चेंबरला झाकण बसल्याशिवाय स्वतःच्या घरात पाऊल टाकणार नाही, असं नगरपालिकेच्या तक्रार खिडकीत, म्हणजे माझ्याच खिडकीत, चारचौघांसमोर सांगून तू गेलीस, त्याला दोन महिने झाले. सख्खा भाचा तक्रार लिपिक असून ही तऱ्हा, म्हणून आईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला. रविवारी पत्ते तिघांतच खेळतो. कुणी लबाडी करत नाही, मजा येत नाही. खरं सांगू, तुझ्याशिवाय करमत नाही.

तर आता ऐक. या वर्षी आमच्या नगरपालिकेला स्वतःचीच परीक्षा घ्यायची होती. प्रत्येक खात्याने आपल्या कामाला दहापैकी गुण द्यायचे, मग शेजारच्या नगरपालिकेतून कुणीतरी येऊन ते पडताळायचे. पेपर आपला, तपासणारे आपण, म्हटल्यावर काय बघायचं! पाणी खात्याने दहा घेतले. आपण पाण्याहून कमी कशाला, म्हणून बांधकामानेही दहा घेतले. उद्यान खात्याच्या प्रमुखांनी विनयाने साडेनऊ लिहिले, तर त्यांच्याच माळ्यांनी त्यांच्याविरुद्ध सह्यांचं निवेदन दिलं. पण सगळ्यांत उजळ निघाला माझा तक्ता: तक्रारी आल्या शंभर, निकाली निघाल्या एकशे दहा. साहेबांनी (आमचे मुख्याधिकारी) मला केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली. आठ वर्षांत पहिल्यांदाच!

वरचे दहा कुठून आले, ते कुणी विचारलं नाही. आमच्याकडे तक्रार दुसऱ्या खात्याकडे सरकवली की आपल्या खात्यापुरती ती निकाली. तुझा अर्ज पाणी खात्याकडे गेला. हे पाणी पिण्याचं नव्हे, म्हणून त्यांनी तो आरोग्याकडे पाठवला. निकाली. झाकण लोखंडी, म्हणून आरोग्याने बांधकामाकडे. निकाली. चेंबरमध्ये रोपटं उगवलंय, म्हणून बांधकामाने उद्यानाकडे, आणि ते रोपटं संध्याकाळी दिसत नाही, म्हणून उद्यानाने दिवाबत्तीकडे. अशी अकरा टेबलं फिरून तुझी एक तक्रार अकरा वेळा निकाली निघाली. (बाकीच्या नव्व्याण्णव जणांनी एकेका निकालावर समाधान मानलं.) आत्या, तू एकटीने अख्खी नगरपालिका वर काढलीस.

मंगळवारी तपासनीस बाई आल्या. शांत बाई, चहा अर्धाच घेतात. माझी तक्रारवही चाळून म्हणाल्या, ज्या जागेवर एवढं काम झालं ती एकदा डोळ्यांनी बघू या. साहेब हरखले. तिथे फार ऊन असतं, असं मी दोनदा पुटपुटलो, पण तोवर खातेप्रमुखांसकट फोटोवाल्यालाही गाडीत बसवलं होतं. कुणी पडू नये म्हणून चेंबरवर तू ठेवलेली वेताची खुर्ची तशीच होती. ती फोटोत वाईट दिसेल, म्हणून साहेबांनी स्वतः उचलून बाजूला केली आणि बाईंकडे बघत, हसत, वहीप्रमाणे जिथे झाकण होतं तिथे पाय ठेवला. (कचेरीत माझ्या वहीवर विश्वास ठेवणारा हा एकच माणूस, आणि नेमका तोच आत गेला.) गुडघ्यापर्यंतच गेले, लागलं काही नाही, पण बूट आतच राहिला. बाईंनी शांतपणे विचारलं, "हा अकरापैकी कितवा निकाल?" घाबरून मी सगळं खरं सांगून टाकलं, वर स्वतःला दहापैकी दोनच गुण दिले. म्हटलं, नोकरी गेली. तर साहेब एका बुटावर उभे राहून असे खदखदून हसले, की पाणी, आरोग्य आणि बांधकामही हसलं (आधी साहेबांकडे बघून, मग मनापासून). बाईंनी खरं बोलल्याचा एक गुण वाढवून दिला. पाऊण तासात झाकण आलं! शिवाय नवा नियम झाला: तक्रार करणाऱ्याची सही झाल्याशिवाय तक्रार निकाली नाही. उद्यानाने आपल्या साडेनऊचे चार केले आणि माळ्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

तेव्हा आता राग सोड आणि पिशवी भरायला घे. ताईला आठवण सांग.

तुझा,
तीन गुणांचा भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. सोबत निकाली पत्रक आहे. साहेबांना पहिली खरीखुरी निकाली तक्रार वर कळवायची आहे आणि ती तुझी आहे. खूण केलीय तिथे सही करून उलट टपाली पाठव. वाचत बसू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी कुंड्यांना पाणी घालायला गेलो होतो. झाकण भक्कम आहे, मी त्यावर उड्या मारून पाहिल्या. फक्त ते चार बोटं उंच बसलंय आणि तुझं फाटक बाहेर उघडतं, म्हणजे उघडायचं. मी कुंपणावरून आत गेलो. सही अजिबात करू नकोस. स्वतः ये आणि माझ्या खिडकीशी उभी राहून सगळ्यांदेखत नाही म्हण. साहेबांना मी सांगून ठेवतो. फाटक उघडेपर्यंत मुक्काम आमच्याकडेच. पलंगावर धुतलेली चादर घातली आहे. आणि ही नवी तक्रार मी जरा सावकाशच नोंदवणार आहे.