तिच्या वाफ्याचं पाणी

सर, काल तिच्या वाणाचा रिपोर्ट आला. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

अश्वगंधेचे सहा वाण आपण झाशीच्या त्या मुरमाड जमिनीत शेजारी शेजारी लावले होते. कुणाचं मूळ किती वाढतं आणि त्यात औषधी अल्कलॉइड किती उतरतं, एवढंच बघायचं होतं. पाच वाण माझे. सहावा तिचा. झाशीजवळच्या बबीन्याच्या फौजी घरातली ती मुलगी समथरच्या बाजारातून, एका वैदूकडून बी घेऊन आली होती. मी गावच्या शाळेतून आलेला, दोन वर्षं तुमच्या हाताखाली, एकही नोंद न चुकवणारा. मला तुम्ही शेवटपर्यंत 'अहो' म्हणालात. ती आठवड्यात 'बाळ' झाली. दुपारी काकूंचा डबा उघडलात की त्यातला चिरोटा आधी तिच्यापुढे धरायचात. मी समोरच बसलेला असायचो.

या झाडाला तहान लागू द्यायची, पाणी जास्त झालं की मूळ नुसतं फुगतं आणि गुण कमी होतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. काढणीच्या आधीच्या महिन्यात मी तिच्या वाफ्याला चारदा जादा पाणी सोडलं. सकाळी, मारुतीला नमस्कार करून आल्यावर.

तपासणीत तिचा वाण सगळ्यांत खाली गेला. "माझी पोरं नुसती अंगानं वाढली, सर," असं म्हणून ती हसली आणि बराच वेळ मुळांवरची माती झाडत राहिली. तुम्ही माझ्याकडे वळलात.

"पाणी सगळ्यांना सारखंच ना?"

"हो सर."

"तुम्ही म्हणताय म्हणजे सारखंच."

तिचा वाण निवडीच्या यादीतून निघाला. वर्षभरात तिनं हे कामच सोडलं. आता बबीन्यात शाळेत शिकवते.

बी मात्र माझ्यानं टाकवलं नाही. दर दोन वर्षांनी कुंडीत लावून नवं करत आलो. यंदा सहाही वाण पुन्हा लावले, सगळ्यांना मोजून पाणी दिलं. तिचा पहिला आला. हायसं वाटायला हवं होतं. पण मनात पहिलं आलं ते हे, की तुम्ही असता तर तिचं किती कौतुक केलं असतं. पन्नाशी आली, रोज स्तोत्र म्हणतो, तरी छातीत तसंच जळलं.

आज देवापुढे बसून तिला पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकून आलो. वाण तिच्याच नावानं पुढे जाईल, असं कळवलंय. तुम्हाला सगळं खरं लिहितोय, कारण हे कुठं जायचं नाही. तिच्या वाफ्यात त्या वर्षी जादा पाणी गेलं होतं, हे तिलाही लिहिलंय. चुकून गेलं, असं लिहिलंय.