अप्पांचं परत आलेलं ताट

अप्पा, हॉटेलात बोललो तो मी होतो. स्वैपाकघरातली अक्का न्हवती. तुम्ही तीन दिवस जेवला न्हाईत, ही गोष्ट मठाच्या भिंतीबाहेर मी नेली, आन् ती बी दोन कट चहासाठी. तुम्ही देह ठेवून लिंगैक्य झालात त्याला आठ वर्षं झाली, पण एवढं एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं न्हाई. एरवी माझं तोंड कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक हाय. आता धर्माबादला मिरचीची गाडी खाली व्हायची वाट बघून राहिलो. हमाल जेवायला गेलेत, म्हणून मालाच्या पावत्यांच्या, बिल्ट्यांच्या पाठीमागं लिहितोय. अक्षर हललं असंल तर शिंकांमुळं समजा.

मामानं मला मठात आणून सोडलं तवा मी एकोणीस वर्षाचा होतो. दहावीला तीनदा बसलेला आन् स्टँडवर दिवसभर लोकांच्या नकला करणारा. तुम्ही विचारलं, "काय काय येतं?" मी म्हणलं, "जीप चालवायला येती." "आन्?" "थापा मारता येतात." तुम्ही हसला न्हाईत. म्हणले, "जीपचं बघू. थापा मारणारे इथं आधीच लई हायेत, जागा न्हाई." तिथंच मी तुमचा झालो. वासराच्या शेपटीला घंटी बांधून पूजेच्या टायमाला सोडलं, पुढाऱ्याचे बूट भक्तांच्या चपलांच्या ढिगात खाली दडवले, तरी तुम्ही कवा ओरडला न्हाईत. नुसतं बघायचे. अक्का मात्र स्वैपाकघरातून पळी घेऊन धावायची, "मुडद्या, तुझ्या हातापायाला काही काम हाय का न्हाई?" मंग तीच मला चुलीपुढं बसवून कडक भाकरीवर शेंगाची चटणी आन् तेल घालून द्यायची. सणाला हुग्गीचं, गव्हाच्या खिरीचं पातेलं खरवडायचा मान माझा होता. ते स्वैपाकघर अजून माझ्या नाकात हाय. अंबाडीचा आंबट वास, धूर, आन् अक्काच्या बांगड्यांचा भाकरी थापतानाचा आवाज.

आपल्या मठाची चाल मला पहिल्या महिन्यातच कळली. सोमवारची पूजा झाली की ज्याच्या मनात काही सलतंय तो मागच्या गवीत जायचा. वाकून जावं लागंल एवढंच दार होतं त्या दगडी खोलीला. आत तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसायचे, म्हणजे बोलणाऱ्याला लाज वाटू नये. तो आपलं वंगाळ काम सांगायचा, तुम्ही त्याला काहीतरी करायला लावायचे. कुणाला वर्षभर लिंबाचं झाड जगवायला लावलं, कुणाला दासोहाचं, मठातल्या अन्नदानाचं पीठ दळायला. आन् ऐकणाऱ्यानं अर्धं उचलायचं म्हणून तुम्ही स्वतः जेवण सोडायचे. कोणी काय सांगितलं ते तुमच्या तोंडून सख्ख्या माणसाला बी कळायचं न्हाई. पण ताट मी नेत होतो ना अप्पा. ताट बोलत होतं.

मी हिशोब लावला. एक टाइम ताट परत आलं तर शिवीगाळ न्हाईतर लबाडी. दिवसभर आलं तर कुणीतरी बांध कोरला. दोन दिवस म्हणजे घरात मारहाण. स्टँडवरच्या हॉटेलात ह्याच्यावर आमच्या पैजा लागायच्या, चहाच्या. मला त्यात काही चूक वाटत न्हवती. मी गवीला कान लावला न्हाई, कुणाचं नाव घेतलं न्हाई. नुसतं भाकरी किती उरल्या ते सांगत होतो.

मंग त्या साली गावातल्या दोघा भावांपैकी थोरल्याची गंजी पेटली. भर दुपारी, सोयाबीन काढून रचलेली. थोरला भाऊ ताडपत्री ओढायला आत घुसला आन् त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. धाकट्याचं आन् त्याचं बांधावरून दोन वर्षं बोलणं न्हवतं, म्हणून गाव धाकट्याकडं बघत होतं, पण बघितलं कुणीच न्हवतं. पुढच्या सोमवारी आठवडी बाजार होता, मठात माणूस न्हाई. गवीत एकटाच धाकटा वाकून गेला. जनावराच्या लाथेनं त्याचा पाय जरा अधू झालेला, दारात त्याला टेका घ्यावा लागला. त्या दिवसापासून तीन दिवस ताट भरलेलं गेलं तसंच परत आलं. तिसऱ्या दिवशी अक्कानं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आन् तोंडाला पदर लावला.

आन् मी हॉटेलात गेलो. "तीन दिवस," म्हणलं, "आजपर्यंतचा सगळ्यात मोठा." चौघं जण होते. एक म्हणला, "कोण रे गेला होता आत?" मी नाव घेतलं न्हाई. उठलो आन् चार पावलं धाकट्यासारखं पाय ओढत चालून दाखवलं. सगळे हसले. दुसरा चहा त्या नकलेचा होता.

दोन दिवसांनी जमादार मठात आला. हॉटेलातले चौघं पोलिसाचं नाव निघताच मुके झाले होते, "मठातल्याच माणसाकडून बाहेर आलं" एवढंच म्हणले. जमादार सरळ स्वैपाकघराच्या दारात. "अप्पा तीन दिवस जेवले न्हाईत असं कोण बोललं? बयान घ्यायचं हाय." मी पाण्याची घागर धरून उभा. अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली, हात झटकले आन् म्हणली, "मी बोलले. म्हातारीचं तोंड, सुटलं." जमादारानं लिहून घेतलं, अंगठा घेतला. तुम्ही ओसरीवर होता. तुम्ही ऐकलं.

तुम्ही तिला काही बोलला न्हाईत. बोलला असता तर बरं झालं असतं. संध्याकाळी स्वतः स्वैपाकघरात आलात, आपलं ताट उचललं आन् म्हणलात, "अक्का, उद्यापासून मी माझ्या हातानं वाढून घेत जाईन. तुम्ही झाकून ठेवून बाहेर बसा." तीस वर्षं तिनं तुमचं ताट वाढलं होतं. ती "हाव" म्हणली. मी बाहेर आलो आन् जीप धुवायला घेतली, आधीच धुतलेली.

त्यानंतरचे दोन महिने मला आठवतात ते धाकट्यामुळं. थोरल्याचे हात पांढऱ्या पट्ट्यात गुंडाळलेले, आन् धाकटा दोन्ही टायमाला त्याच्या अंगणात जाऊन त्याला घास भरवायचा. दोन वर्षं न बोललेली माणसं. जीप घेऊन जाताना मी हळू करायचो. थोरला त्याच्यावर खेकसायचा, "घास लई मोठा करतो भाड्या, जीव घ्यायचा हाय का माझा?" धाकटा घास बारीक करायचा. हे कुणी करायला लावलंय ते गावाला समजत होतं, पण गाव बी हळूहळू बोलायचं थांबलं. बोलण्यापेक्षा ते बघणं जास्त होतं.

पण केस थांबत नसती. दीड वर्षानं तालुक्याच्या कोर्टात तारीख लागली, धाकटा आरोपी, गवाहीला अक्का आन् तुम्ही. मठाच्या ओळखीचा एक वकील आदल्या दिवशी सांगून गेला होता, "अप्पा, वकिलाला अशिलाचं बोलणं झाकता येतं, स्वामींना कायद्यात तशी सूट न्हाई. न बोललात तर तुम्हालाच आत टाकतील." म्हणून सकाळी मी जीपचा डिझेलचा पाइप सैल करून ठेवला. दोन किलोमीटरवर गाडीनं हवा धरली आन् बंद पडली. मी बोनेट उघडून लई वेळ खाटखूट केली. तुम्ही मागं बसून होता, शांत. म्हणलात, "लेकरा, पाइप आवळ."

"कुठला पाइप, अप्पा?"

"तुला ठाऊक हाय तोच. तारीख चुकवून गप बसणं म्हणजे गप बसणं न्हवं. ते पळणं."

मागच्या सीटवर अक्का हसली. पदराआड, पण हसली. मी पाइप आवळला.

कोर्टात थोरला पहिला उभा राहिला. हातावरचं कातडं चकाकत होतं. सरकारी वकिलानं विचारलं, "आग कुणी लावली?" तो म्हणला, "मी बिडी ओढत होतो गंजीला टेकून. माझीच पडली असंल." धाकटा खाली बघत होता. मंग अक्का. "अप्पा उपाशी आहेत असं तुम्हीच बोललात?" "हाव, मीच." "उपास कशाचा होता?" "पोटाचा." लोक हसले. जज साहेबांनी बी मान खाली घातली. मी मागच्या बाकावर होतो अप्पा. उभं राहून "ती न्हाई, मी" म्हणायला तीन शब्द लागत होते. मी बाकाची फळी नखानं कोरत बसलो.

तुम्हाला विचारलं, धाकटा गवीत आला होता का. तुम्ही म्हणलात, "गवीत मी भिंतीकडं बघतो." त्यानं काय सांगितलं? "कोण काय सांगतं ते मी सांगत न्हाई. सांगितलं असं बी म्हणत न्हाई, न्हाई सांगितलं असं बी न्हाई." साहेब चांगला माणूस होता, समजावून म्हणला, "महाराज, वकिलाला ती सवलत आहे, नवरा-बायकोला आहे. स्वामी, फादर, मौलवी, यांना कायद्यानं दिलेली नाही." तुम्ही विचारलं, "वकिलाला काहून दिली साहेब?" "माणसानं आपल्या वकिलाजवळ मोकळं बोलावं म्हणून." "माझ्याकडं बी लोक त्याच्यासाठीच येतात," तुम्ही म्हणलात. मंग पायाजवळची कापडी पिशवी उचलून कठड्यावर ठेवली. "कायद्यात जागा न्हाई हे ठाऊक होतं. म्हणून पूजेचं सामान आन् एक धोतर घेऊन आलोय. जी शिक्षा असंल ती द्या."

साहेबांनी पिशवीकडं बघितलं. सरकारी वकिलाला विचारलं, "बिडी पडली म्हणून फिर्यादीच सांगतोय. तुम्हाला हा साक्षीदार पाहिजेच का?" वकील कागद चाळत राहिला, मंग म्हणला, नको.

बाहेर आल्यावर तुम्ही रसवंतीवर गेलात. कवा बाहेर पाणी न पिणारा माणूस, म्हणला, "तीन गलास. बरफ न्हाई." तुमच्या ओठावर उसाच्या फेसाची रेघ राहिली होती. मी सांगितली न्हाई, तशीच मठापर्यंत नेली. तेवढी एक खोडी केली त्या दिवशी. तिसरा गलास तुम्ही अक्काला दिला, आन् मला वाटलं आता माफ केलं. पण संध्याकाळी ताट तुम्ही स्वतःच वाढून घेतलं. शेवटपर्यंत.

तुम्ही गेल्यावर अक्का देगलूरला लेकीकडं राहायला गेली. तिकडं भाडं लागलं की मी जायचो. एकदा तिनं कडक भाकरी पुढं ठेवली आन् मी विचारलं, "अक्का, त्या दिवशी तू का म्हणलीस?" ती म्हणली, "तुझं तोंड बघितलं होतं मी. घागर हलत होती हातातली."

"मला अप्पांनी हाकललं असतं म्हणून?"

"ते कुणाला हाकलत न्हवते. पण तू गेला असतास. लाजेनं. परत स्टँडवर." चटणी वाढली. "मला कुठं जायचं होतं, चुलीपासून दारापर्यंत."

मी म्हणलं, "मी अप्पांना सांगायला पाहिजे होतं." ती म्हणली, "सांगायचं न्हाई. शपथ घे." "अक्का, अप्पा जाऊन वर्षं झाली." "म्हणून काय झालं? सांगायचं न्हाई." मी शपथ घेतली, आन् हे लिहून ती मोडून राहिलो.

कारण मागल्या गुरुवारी अक्का गेली. मी गेलो होतो मातीला. विभूती लावली, बेलाचं पान ठेवलं, मूठभर माती टाकली. लेकीनं सांगितलं, शेवटी दोन दिवस ती "अप्पांचं ताट झाकलं का" एवढंच विचारत होती. म्हणजे आता ती तुमच्याकडंच निघाली असंल, आन् तिथं बी बाहेर बसंल, तुम्ही वाढून घेईपर्यंत. हे कागद कुठं टपालात पडणारे न्हाईत, मला ठाऊक हाय. हमाल आले की गाडीच्या कागदांत जातील. पण तुमच्यापर्यंत पोचलंच काही, तर एवढं करा अप्पा. ताट तिला वाढू द्या. काहून म्हणून तिनं विचारलं तर माझं नाव घेऊ नका. तुम्हाला खोटं जमत न्हाई, मंग नुसतं गप बसा, ते तुम्हाला जमतं. मी शपथ मोडली हे तिला कळलं तर ती तिथून पळी घेऊन येईल. आन् खरं सांगू का, मला पळीची भीती न्हाई. तिनं माझ्यासाठी एवढं झाकलं आन् मला एक गोष्ट झाकता आली न्हाई, ह्याची लाज वाटती. हात जोडतो अप्पा, पाया पडतो. कुणाला सांगू नका. अक्काला तर अजिबात न्हाई.