मावळतीकडचा गाल

तेरखेडा

प्रिय अक्षदा,

फोनवर बोलाय गेले की माझा पारा चढतो, म्हणून कागद घेतला. चौथीतलं अक्षर हाय, हसू नको. परवा तू म्हणलीस, परीक्षेला मांडायच्या चित्रात एक सावली चुकली असं सर म्हणत्यात. म्या म्हणलं, चुकली तर सुधार, त्यात रडायचं काय? तू म्हणलीस, ती तशीच ऱ्हाईल, आन फोन ठेवलास. माझीच पोरगी.

मला ते पटंना. तुझी सावली चुकंलच कशी? सरांना दावून झाल्यावर चित्र तू मला बघाय पाठवलंस, तवापासनं समोरच्या खोलीत लावलंय. दारात बसलेली मी, पुढं घागर, सूप आन बांधलेली शेळी. सखूकाकू आली तवा म्या घागरीची सावली बघून सांगितलं, चार वाजल्यात, शेळीला पाणी दावायची वेळ. घड्याळ न काढता पोरीनं वेळ काढलीय. सखूकाकू मान हलवत बसली.

दिवाळीत तू हे काढत होतीस तवा म्या लई तोंड वाजवलं. सावलीच ना, काळा फासून मोकळी हो म्हणलं. तू काळी बाटली उघडलीच न्हाईस. निळा घेतलास, तपकिरी घेतलास, पाण्यागत पातळ करून थरावर थर दिलास. घागरीच्या बुडाशी गडद, लांब जाईल तशी फिकट, कड विरत गेलेली. ते अॅक्रिलिक का काय, लगेच वाळतं म्हणून मधीच पाणी फवारायचीस. मला वाटलं, रंग माझ्यावानी घाईचा, आन ही त्याला केवढं दमानं घेती. हा दम तू माझ्याकडनं न्हाय घेतला, बाबांकडनं घेतलास.

माझ्या घाईचं तर तोंडावरच लिवलंय. तू पोटात होतीस. कारखान्यात कामाला जायची तवा फटाक्याची दारू दमानं भर असं सगळी सांगत असताना म्या हात रेटला, आन गाल भाजला. तवापासनं कुणी फोटो म्हणलं की माझा पदर पुढं. दिवाळीतबी तुला दम दिलाच, ही बाजू काढलीस तर चित्र चुलीत घालीन म्हणून.

काल चार वाजता दार उघडं टाकून चित्रापुढं बसले. एकेक सावली तपासली. ऊन मावळतीकडनं आलंय. घागरीची, सुपाची, शेळीची सावली उगवतीकडं पडलीय. माझ्या नाकाचीबी. आन माझा भाजका गाल मावळतीकडं हाय, म्हंजे भर उन्हात. त्याच्यावरच तेवढी सावली. निळी, मऊ, पदरासारखी. एवढी अक्कल असलेल्या पोरीनं एक सावली जाणून खोटी टाकली, आईनं दम दिला म्हणून. आन सरांपुढं माझं नाव न घेता चूक आपल्या अंगावर घेतली.

बाबांना कागद वाचून दावला, तर त्यांनी उठून माझा पाट दारात नेऊन ठेवला. तवा रविवारच्या एसटीनं ये, रंग घेऊन ये. चारच्या उन्हाला पदर मागं टाकून बसते. वळवळ करणार न्हाय, तू म्हणशील तवर बसते. त्या गालावर ऊन पडतंय तसं पडू दे.

तुझीच, एवढ्या एका कामाला घाई न करणारी,
आई