नाव तेवढं माझ्याकडे

पुणे, ३ ऑगस्ट १९९२

ती. बाबांना,
पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले. कचेरीत सोळा माणसं. बाई मी एकटी आणि जयभीमवालीही मीच एकटी. पाहुणे आले की साहेब मला पुढे करतात, आमच्याकडे सगळ्या समाजाची माणसं आहेत म्हणतात. चहाला मात्र मला हाक मारायची राहून जाते. काम कॉम्प्युटरसाठी मराठी अक्षरं घडवण्याचं. तुमच्या पाट्यांचे फोटो साहेबांना फार आवडले. सगळी अक्षरं चौकटीच्या कागदावर काढून पाठवाल का? पसंत पडली तर मला कायम करतील, नाहीतर दिवाळीला घरी.

तब्येत सांभाळा, माया असू द्या.
पंचफुला

मानवत, २१ ऑगस्ट १९९२

चि. पंचफुलास अनेक आशीर्वाद.

अक्षरं पाठवली आहेत. त्या चौकटी भरता भरता डोळे फिरले. तुझ्या साहेबाला अक्षरं हवीत की जमीन मोजायची आहे, कळेना. अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीत मोडलेलं बोट सरळ होत नाही, म्हणून प्रत्येक काना खाली जाऊन जरा डावीकडे वळतो. चालत असेल तर ठेवा.

एक ध्यानात ठेव. अक्षरं घ्या, पण नाव मी कुणाला देणार नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं की वस्तीतली पहिली पाटी माझ्या हातची, असा शब्द तुझ्या आईला जळालेल्या घरासमोर दिला होता. ती गेली. मी ते नाव त्या कागदांवर काढलेलं नाही. नवा ब्रश त्यासाठीच पेटीत आहे.

पत्र टाकत जा, करमत नाही.
तुझा बाप, सटवाजी पेंटर

पुणे, ५ नोव्हेंबर १९९२

ती. बाबांना सविनय जयभीम.

मला कायम केलं! वळलेला काना सरळ करायला निघाले होते, मी भांडून तसाच ठेवला. तुमच्या अक्षरांच्या त्या संचाला, इथे फॉन्ट म्हणतात, साहेबांच्या मुलीचं नाव दिलं. मी तुमचं सुचवलं, तर सगळे हसले. मीही हसले, बाबा. तुमच्या पाटीबद्दल भेटीत बोलू.

रागावू नका, लोभ राहू द्या.
पंचफुला

मानवत, १७ जानेवारी १९९४

चि. पंचफुलास आशीर्वाद.

विद्यापीठाला नाव लागलं. वस्ती नाचली, मीही नाचलो. ब्रश घेऊन चौकात गेलो, तर पाटी लागलेली. पोरांनी परभणीहून कॉम्प्युटरवर करून आणली. त्यांच्यातला तात्याराव म्हणाला की, बाबा, तुमी कशाला तरास घ्यायलाव, हे लय बेस हाय.

पाटी वाचली. प्रत्येक काना डावीकडे वळलेला. माझंच मोडकं बोट. पोरांना सांगितलं नाही. कोण खरं मानणार?

नाव तेवढं माझ्याकडे ठेवलं, असं मी अडाणी समजत होतो. ज्यातून ते होतं, ती अक्षरं मीच पाकिटात घालून दिली. तुला हे तेव्हाच ठाऊक होतं, पोरी. भेटीत बोलू म्हणालीस आणि चौदा महिने आली नाहीस. राग नाही म्हणालो तर खोटं होईल. तुझी नोकरी राहिली, हे बरं झालं.

बाजारातलं पाट्यांचं कामही आता परभणीच्या कॉम्प्युटरकडेच जातं, म्हणून दुकान बंद केलं. ब्रश सोबत पाठवतो. अजून रंगात बुडवलेला नाही. तुमच्या कचेरीत लागत नसेल, तरी ठेव.

तुझ्या आईला काय सांगू, तेवढं कळव.
सटवाजी