डोळ्यावरची पट्टी आणि गाडीच्या पट्ट्या

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं तर काहीच ठीक नाही.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन उत्तम झालं. तेच तर संकट आहे. सध्या ते दवाखान्याजवळ काकांकडे आहेत, पण गुरुवारी डोळ्यावरची पट्टी निघणार, ते घरी येणार आणि त्यांना लख्ख दिसणार. हे ऐकून आई रडली. मीही रडलो, माझं कारण वेगळं.

जुन्या गाडीच्या क्रोमच्या पट्ट्या बाबा दर रविवारी चोळत बसतात, हे तुला ठाऊक आहेच. नजर अधू झाली तरी नेम चुकला नाही. फक्त पॉलिश समजून ते आईची भांडी घासायची पावडर न्यायला लागले. क्रोम गेलं, निकेल गेलं, खालचं तांबं वर आलं. ते विचारायचे, "चमकतंय ना रे?" आणि आपण सगळे म्हणायचो, "झकास!" (पहिल्यांदा तू म्हणालीस. मी नुसती री ओढली.)

म्हणून ते यायच्या आत नवा मुलामा चढवून घ्यायचं ठरवलं. पट्ट्यांमागच्या क्लिपा गंजलेल्या. एक तुटली, एक उडून शेजारणीच्या कुंडीत गेली. बाकीच्या स्क्रूड्रायव्हरनं उचकटल्या, तेव्हा दाराचा रंगही सोबत आला (येईल असं बायको म्हणाली होती, ती तुला फोनवर सांगेलच). डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात, तसं प्लेटिंगवाल्यानं मला बाजूला घेतलं. "आधी बफिंग, म्हणजे चाकावर घासून गुळगुळीत करावं लागेल. पण पत्रा पातळ झालाय. टिकेल का, सांगता येत नाही." मी म्हटलं, करा. गरगरणाऱ्या चाकाला त्यानं पट्टी टेकवली मात्र, चाकानं ती हिसकावून भिंतीवर भिरकावली. आम्ही दोघेही टेबलाखाली. बाहेर येऊन बघतो तर पट्टीचा विळा झालेला.

बाकीच्या पट्ट्या चकचकीत होऊन आल्या. त्यामुळे डाव्या दारावरची मोकळी जागा पडलेल्या दातासारखी आणखीच डोळ्यांत भरते. विळा सरळ व्हावा म्हणून तो गादीखाली घालून झोपतो आहे. पट्टी सरळ झाली नाही, मी मात्र वाकडा झालो.

ताई, बाबा ओरडतील याची धास्ती नाही. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझी समजूत काढत होतात?" असं विचारून ते गप्प बसले, तर मी काय करू?

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम असं, की पत्र मिळताच फोन करून सगळा दोष तू तुझ्यावर घे. तू लांब आहेस, आणि तुझ्यावर ते कधीच चिडत नाहीत.

दुसरा ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि बाबा आलेसुद्धा. येताच मोकळ्या जागेवरून त्यांनी बोट फिरवलं. माझा धीर सुटला. पावडरीपासून सगळं सांगून टाकलं. त्यांनी उरलेल्या पट्ट्या एकेक करून जवळून बघितल्या. मग म्हणाले, "मला दिसत नाही, हे मी तरी तुम्हाला कुठं सांगत होतो?" आणि किल्ली मागितली. रविवारी आम्ही तुझ्याकडे येतोय. गाडी बाबा चालवणार आहेत. तुझ्या फाटकाचा एक खांब तेवढा काढून ठेवता आला तर बघ.