दुखवट्याच्या घरातून निघताना

गुरुवार, सप्टेंबर १९९९

डिंभ्याच्या धरणात होडी उलटली, त्यात ठकूबाईंचा तरणा मुलगा गेला. चर्चचा पाळक म्हणून आज त्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. जुन्नरहून एसटीत बसल्यापासून वचनं घोकत होतो. प्रार्थना संपली, उठलो आणि सवयीने म्हणालो, "येतो."

दुखवट्याच्या घरातून असं म्हणून निघत नाहीत, हे लहानपणापासून ठाऊक आहे मला. कसं निसटलं तोंडातून? लक्ष कुठे होतं? परतीच्या गाडीकडे, दुसरीकडे कुठे.

ठकूबाई म्हणाल्या, "असू द्या, फादर. माझा गणू बी 'येतो' म्हणूनच गेला व्हता." आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

एवढं होऊनही गाडी चुकवली नाही मी.